ड्रायव्हर धरून सात

माझं वजन चौऱ्याण्णव किलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या सासरी ते कुणी सांगणार नाही. तिथे मला ‘अंगानं भरलेले’ म्हणतात आणि लगेच ताटात आणखी एक पुरणपोळी वाढतात. मी, अभिराम, मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरी ऐरोलीत, आणि लग्न केलं ते साताऱ्याकडच्या संध्याशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सातारी मानपान मला अजून पुरता उमगलेला नाही. एवढंच समजलंय की तिकडे जावयाला पुढे बसवायचं, गळ्यात हार घालायचा आणि त्याचं मत विचारायचं नाही.

सासरे हौसेराव यांनी वाशीच्या धान्य मार्केटात उभा जन्म पाठीवर पोती वाहिली. आता निवृत्त होऊन कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. क्विंटलचं पोतं ते एकट्याने उचलत, हा त्यांचा अभिमान. उचलत असतीलच, माझी ना नाही. पण विषय कुठलाही निघो, ते तो फिरवून त्या पोत्यापाशी आणून सोडतात. माझी मुलगी सई जन्मली तेव्हा तिला हातावर घेऊन म्हणाले, “पावणेतीन.” नर्सने काट्यावर ठेवली, तर खरंच पावणेतीन निघाली. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वॉर्डाला पोत्यांच्या गोष्टी सांगितल्या.

तर या घरातल्या प्रितमचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा, साखरपुडा ठरला. मुलगी अबोली. ती द्रोणागिरीत एका गोदामाच्या वजनकाट्यावर बसते; कंटेनर लादलेले ट्रेलर काट्यावर घेते आणि जास्त भरलेले परत पाठवते. हे कळल्यावर हौसेराव भलतेच खूश झाले. “सून आपल्याच लायनीतली गावली,” असं त्यांनी सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात प्रितम माझ्याकडे आला. बराच वेळ सोफ्यावर बसून मोबाइलचं कव्हर काढत-घालत होता.

“दाजी, तिची एक अट हाय,” शेवटी म्हणाला. “एकच. गाडीत जेवढ्या सीट तेवढीच माणसं. ड्रायव्हर धरून. मांडीवरचं लेकरू धरून.”

“एवढीच?”

“तिचे वडील वडापच्या जीपमधे गेले ना.”

मग त्याने सांगितलं. अबोली पाच वर्षांची होती. बाजाराच्या दिवशी गावाकडे परतताना ती वडिलांच्या मांडीवर बसली होती. सीटमागे पैसे घेणारी वडापची जीप, खच्चून भरलेली. उतारावर उलटली. लोक धावले. ड्रायव्हरला विचारलं, किती सीट होत्या? तो म्हणाला, अकरा. अकरा जण बाहेर काढले, त्यांत अबोलीचे वडील गेलेले होते. अकरा पुरे झाल्यावर शोधाशोध थांबली आणि लोक जखमींना घेऊन गेले. अबोली खालच्या उसात पडली होती. मांडीवरचं पोर सीटमध्ये धरत नाहीत, म्हणून तिला कुणी शोधलंच नाही. तिचं रडणं एका वैरण कापणाऱ्या बाईने ऐकलं, तेही ऊन उतरल्यावर.

मी म्हणालो, “मग घरी सांग की हे!”

“नको दाजी. आण्णा म्हणतील, अपशकुनी घर हाय. मी तिला शब्द दिलाय, सातच येऊ. तुमी फक्त जरा आण्णांना बोला. तुमचं कोण टाळणार?”

माझं सगळेच टाळतात, हे त्याला माहीत नसावं. तरी मी हो म्हटलं. आणि हिशेब तसा सोपाच होता. सासरे, सासूबाई शकुबाई, प्रितम, मी, संध्या, सई आणि ड्रायव्हर. बरोबर सात. एवढं जमत नसेल तर माणसाने लग्न करू नये, असं मी मनात म्हणालो.

रविवारी सकाळी दिघ्याहून सनी ड्रायव्हरची व्हॅन आली. पिवळ्या पाटीची, नुकतीच धुतलेली. दारावर रंगाने लिहिलेलं: ड्रायव्हर धरून सात. प्रितम क्रीम रंगाच्या शेरवानीत खाली उभा होता आणि त्या अक्षरांकडे प्रेमाने बघत होता. तेवढ्यात बोनकोड्याच्या बाजूने रिक्षा आली आणि तिच्यातून प्रितमचे धाकटे चुलते रावसाहेब फेटा सावरत उतरले. मागोमाग काकू, जरीच्या साडीत.

“सख्खा चुलता घरी ठिवून साखरपुडा व्हतो व्हय?” रावसाहेबांनी येताच विचारलं. त्यांना येऊ नका असं सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

मी सासऱ्यांकडे वळून घसा खाकरला. “मामा, ही गाडी सात सीटर आहे. मी, संध्या आणि सई कॅबने येतो मागून.”

हौसेरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घटस्फोट मागितला. “जावईबापू, एक घर, एक गाडी! दोन गाड्यांतनं उतरलो तर पावणं म्हणतील, यांच्या घरात फूट हाय.”

“पण सातच बसतात त्यात.”

“मग सातच हाय की आपण.” ते बोटांवर मोजू लागले. “ड्रायव्हर धरायचा न्हाई, त्यो गाडीचाच. सई मांडीवर. ऱ्हायलं कोण? मी, ही, प्रितम, तुमी, संध्या, रावसाहेब, त्येची मंडळी. झालं न्हवं सात?”

मी प्रितमकडे बघितलं. त्याला त्याच क्षणी मोबाइलवर काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि त्यातून साखर आली. पन्नास किलोचं पोतं. साखरपुड्याला आमच्याकडे एक पुडा नेतात, त्याला चमकी लावतात आणि फोटो काढतात. हौसेरावांना ते भिकारपणाचं वाटतं. “उभा जन्म मार्केटात गेला माझा, आन् सुनंच्या दारात पुडी घिऊन जाऊ?” त्यांनी पोतं पाठीवरून मागच्या दारात टाकलं. व्हॅन मागून वाकली. त्याशेजारी नारळाचं पोतं आलं आणि व्हॅन आणखी वाकली.

“काका,” सनी म्हणाला, “आरसीवर लिवलंय, सगळं मिळून सहाशे किलोच्या आत पायजे.”

“सहाशे? आरं, सा खेपांत पाठीवर न्हिलं असतं म्या!”

“माणसं पण त्यातच येतात, काका.”

हौसेराव दुखावले. खरोखर दुखावले. “माणूस म्हंजी काय पोतं हाय?” पन्नास किलोची साखर एका हाताच्या अंदाजाने सांगणाऱ्या या माणसाला आपल्या भावाचं वजन करायचं म्हणजे त्याचा अपमान वाटत होता. मी मदतीला धावलो. म्हटलं, माझ्यापासून सुरुवात करू, मीच चौऱ्याण्णव आहे. त्यावर सासूबाईंनी माझ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “आवं, सोताच सोताला दिष्ट लावताय व्हय!”

विषय तिथेच संपला. सनीनेही फार ताणलं नाही. तो काही साधुसंत नव्हता. रोज सकाळी याच व्हॅनमध्ये शाळेची पोरं कोंबून नेतो, हे त्याने मला वाटेत मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याला काळजी होती ती मागच्या दोन नव्या टायरांची.

मला पुढे बसवलं. जावई पुढे. गळ्यात हारही घातला, तो कुणासाठी आणला होता देव जाणे. मागे सहा मोठी माणसं एकमेकांच्या कोपरांशी तडजोड करत होती आणि संध्याच्या मांडीवर सई. सई तीन वर्षांची आहे. तिला नुकतंच मोजता यायला लागलंय, त्यामुळे ती वाटेतले कंटेनर मोजत होती.

नेरूळला गाडी थांबली. रस्त्यावर वामनराव उभे होते. यांनी हे लग्न जुळवलं. कातडी बॅग, तोंडात विडा, आणि पोट माझ्याहून मोठं.

“मध्यस्थाला टाळून कसं जायचं?” हौसेराव म्हणाले.

“मामा, आता आठ झाले. तुमच्याच हिशेबाने आठ.”

“सातात आठवा कुठंबी खपतोय,” वामनराव स्वतःच म्हणाले आणि मागचं दार उघडून साखरेच्या पोत्यावर मांडी घालून बसले. “माझी तर सीटबी नको. मी आपला गोडावर बसतो.” सगळे हसले. प्रितमही हसला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण तो मागे होता आणि माझ्या मांडीवर फळांची करंडी होती.

बेलापूर सुटलं आणि उरणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ट्रेलर. व्हॅनचं तोंड वर उचललेलं आणि मागचा भाग जमिनीला टेकत आलेला. एका पुलाच्या चढाला मागून खर्र-खर्र आवाज येऊ लागला. मग जळक्या रबराचा वास आला. सनीने शिवी अर्धी गिळली आणि गाडी कडेला घेतली.

“टायर घासतोय,” तो खाली वाकून बघून आला. “नवा टायर आहे, काका! असाच चढवला तर पुलावर फुटेल, मग गाडी उलटीच समजा. एक तरी माणूस उतरा, नायतर साखर उतरवा.”

मला भीती वाटली. मागे वळून बघितलं तर सई संध्याच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, मान एका बाजूला. शेजारून कंटेनर गेला की व्हॅन थरथरायची. मी दार उघडलं आणि सरळ खाली उतरलो. म्हटलं, बायको-पोरीलाही उतरवतो. चौऱ्याण्णव किलो एका झटक्यात कमी होत होते, आणखी काय हवं?

हौसेरावांनी खिडकीतून माझा हार धरला. “जावईबापू, बसा! जावई रस्त्यात उतरवला तर माझं नाक ऱ्हायलं का जाग्यावर?”

“मामा, माझी मुलगी आहे आत!”

“बसा म्हंतो ना. ह्यात तुमी पडू नगा.” आणि रावसाहेबांनी उतरून मला खांद्याला धरून पुन्हा सीटवर बसवलं. खांदा सोडला नाही. दाराला ते स्वतःच टेकून उभे राहिले, म्हणजे मला उघडता येऊ नये.

मग सभा भरली. रावसाहेब चुलते, ते उतरणार नाहीत. काकू सवाष्ण, ओटी त्याच भरणार. वामनरावांशिवाय हे लग्नच नव्हतं. सासूबाईंचे गुडघे. संध्या माहेरवाशीण, तिला उतरवली तर शाप लागतो म्हणे. कुणीतरी हळूच साखरेचं नाव काढलं, तर हौसेराव गरजले, “साखरपुड्याला साखर न्हाई?” नारळांवरही तेच. ते मानाचे होते.

असं एकेकाचं नाव गाळता गाळता सगळ्यांची नजर प्रितमवर आली.

“नवरदेव काय, घरचाच हाय,” रावसाहेब म्हणाले.

“त्याला कसला मान,” काकू म्हणाल्या, “मान पावण्यांचा.”

वामनरावांनी तर शास्त्रच सांगितलं. “बाकीचं कुणी उशिरा आलं तर कार्य सुरू व्हतं. नवरदेव उशिरा आला तर थांबतात. म्हंजी उतरवायचा तर त्योच उतरवावा.”

प्रितम उतरला. शेरवानी सावरत, मोजड्यांतून खडीवर. मी खिडकीतून त्याचा हात पकडला. “आता तरी बोल. सांग यांना.”

“जाऊ दे ना दाजी, उगाच टेन्शन. होतंय सगळं नीट.” त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. ते कशाचं, हे मला नंतर कळलं. व्हॅन निघाली. आवाज बंद झाला नाही, पण कमी झाला, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी सनीचं कौतुक केलं. नवरदेव मागे अंगठा दाखवून ट्रेलर थांबवायला लागला होता.

द्रोणागिरीत अबोलीच्या सोसायटीचा हॉल होता. दारात तिची आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, शेजारी अबोली. मोतिया साडी, केसांत मोजकाच गजरा. आम्ही उतरायला लागलो. त्याला बराच वेळ लागला, कारण काकूंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि वामनराव पोत्यात रुतले होते. अबोली प्रत्येकाकडे बघत होती. तिचे ओठ किंचित हलत होते. शेवटी हौसेराव साखरेचं पोतं पाठीवर घेऊन ताठ चालत आले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“नवरदेव?” तिच्या आईने विचारलं.

“येतोय मागनं,” हौसेराव पोतं ठेवत म्हणाले. “गाडी जरा जड झाल्ती, म्हणून उतरवला.”

अबोलीने आईच्या हातातलं ताट घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसली. हॉलमध्ये सरबत फिरलं. रावसाहेबांनी दोन पेले घेतले.

अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर ट्रेलरचा भोंगा वाजला. प्रितम उंच केबिनमधून उलटा, चाचपडत उतरला. शेरवानीवर ग्रीसचा पट्टा होता. पण चेहरा फुललेला. तो सरळ तिच्यासमोर आला. मी जवळच होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

“तुला उतरवलं?” तिने विचारलं.

“मीच उतरलो. तुला शब्द दिलेला ना, सात म्हणजे सात. आठ झालेले. मी उतरलो, बरोबर सात राहिले.” तो खरंच शाबासकीची वाट बघत होता.

“कोण कोण?”

“अं?”

“सात. नावं सांग.”

त्याने बोटांवर मोजलं, अगदी वडिलांसारखं. “आण्णा, आई, दाजी, ताई, काका, काकू, वामनराव. सात!”

अबोली उठली. संध्याच्या खांद्यावरून अर्धवट झोपेतल्या सईला तिने आपल्याकडे घेतलं. सई नव्या माणसाकडे जात नाही, पण हिच्याकडे गेली.

“हिचं नाव काय?”

“सई,” प्रितम हसून म्हणाला.

“ही कशातून आली?”

“ती काय, ताईच्या मांडी—” तो थांबला. मी माणसाचं तोंड असं उघडं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याने सईकडे पाहिलं, मग अबोलीकडे, आणि मग जमिनीकडे.

अबोलीने सईच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला संध्याच्या हातात परत दिलं. “बाहेर ड्रायव्हर उभा आहे, त्यालाही आत बोलवा,” ती आईला म्हणाली. “सगळ्यांना जेवायला घाला.” मग हौसेरावांकडे वळून म्हणाली, “मामा, साखर परत न्या. जिथे सगळी माणसं मोजत नाहीत, त्या घरात मला यायचं नाही.”

हौसेरावांना काहीच कळलं नाही. त्यांनी पोत्यावर हात ठेवला. “आवं, चांगली हाय साखर, पन्नासच्या वर भरंल, घटायची न्हाई!” मग मी त्यांना बाजूला नेऊन उसाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, “पर सईला काय झालं न्हाई ना?” मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. कीव आली, आणि त्यामागोमाग रागही आला.

जेवणं मात्र सगळ्यांनी केली. मोडलेल्या साखरपुड्याचं जेवण रावसाहेबांना गेलं, वामनरावांनाही गेलं. वामनराव जेवता जेवता दुसऱ्या एका स्थळाबद्दल बोलत होते.

परतायला सगळे पुन्हा व्हॅनपाशी जमले. साखर मागे चढली, नारळ चढले, प्रितम चढला. मी संध्याच्या कडेवरून सईला घेतलं आणि म्हणालो, “आम्ही बसने येतो.”

सकाळी माझ्या हाराला धरणारा हात या वेळी पुढे आला नाही. मोडलेल्या कार्यात जावयाचाही मान संपतो हे तेव्हा कळलं. हौसेराव खिडकीतून बाहेर बघत होते, थकलेले, पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखे. सनीने गाडी सुरू केली.

“दोघं उतरली,” रावसाहेब पाय पसरत म्हणाले. “बरं झालं, आता ऐसपैस बसता यील.”

“तिघं,” मागच्या सीटवरून प्रितम म्हणाला.

“आं?” हौसेरावांनी मागे वळून विचारलं. “काय म्हंलास?”

“काय नाय, आण्णा.”

व्हॅन निघून गेली. आम्ही तिघं बसस्टॉपकडे चालू लागलो, आणि सई खांद्यावरून मागे बघत जाणारे ट्रेलर मोजू लागली.